हिरवा कोट

लंडनजवळ वॉटफर्डच्या आमच्या कम्युनिटी हॉलची चावी माझ्याकडे असते, म्हणून भारतात वाढलेल्या या तिबेटी बाईची ओळख. तिबेटी बायकांची संघटना, त्यांची तरुण मंडळी, त्यांच्या शाळेचे पालक, या सगळ्यांना ती एका टेबलाशी बसवते. तिकडे तिबेटात तुरुंगात असलेल्या बायकांसाठी सगळ्यांनी मिळून एमपीला भेटायचं असतं. भांडण पेटलं की ती आवाज चढवत नाही. उलट इतकं हळू बोलते की बाकीच्यांना गप्प बसावंच लागतं.

चिनी पोलीस इथलंही ऐकतात म्हणून मीटिंगआधी सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात जातात आणि डबा किचनमध्ये. मला ते जरा अतीच वाटायचं.

गेल्या रविवारी मी चहा टाकत होते आणि डबा वाजला. तिचाच फोन. ती आली, हसत हसत तिबेटीत बोलली, फोन परत डब्यात ठेवला.

"ल्हासा से बहन थी. कितने साल बाद," ती म्हणाली. "आवाज उसी की थी, दीदी. सवाल किसी और का."

"क्या पूछा?"

"आज हरे कोट में कौन आई है."

दाराजवळ टांगलेला हिरवा कोट माझा होता. त्या दिवशी पहिल्यांदाच घातलेला.

तिने तो काढून स्वतःच्या अंगात चढवला आणि तिचा काळा कोट माझ्या खांद्यावर टाकला. "आप पीछे से जाइए."

मी मागच्या दाराने गेलेच नाही. खिडकीतून बघत राहिले. बाहेर अंधारून आलं होतं. ती सावकाश कारपार्कात गेली, एका रिकाम्या वाटणाऱ्या गाडीसमोर थांबली आणि ओळखीच्या माणसाला करावा तसा तिने हात केला.

गाडीचे दिवे लागले.