सिस्टर बेनेडिक्टांची मेणबत्ती

फोन मदर सुपीरियर यांचा होता. ‘‘सिस्टर बेनेडिक्टा आज सकाळी प्रार्थनेतच गेल्या,’’ त्या म्हणाल्या आणि त्याच दमात पुढे, ‘‘समारंभ मात्र ठरल्याप्रमाणेच होईल हं, सर.’’ त्या वाक्याला मी क्षमा केलेली नाही. करण्याचा विचारही नाही.

सिस्टर वसईच्या. ऐन तारुण्यात मिशनने त्यांना जासईच्या दवाखान्यात पाठवले आणि बंदराच्या कंटेनरच्या राशी गावाच्या उशाशी आल्या तरी त्या तिथेच राहिल्या. मी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होऊन नेरूळला आलो, तेव्हा दवाखान्याच्या दारात ट्रेलर लावणाऱ्या एका यार्डमालकाविरुद्ध त्यांना अर्ज लिहून हवा होता. तिथून आमचा स्नेह. मी लिहायचो, त्या माझी विशेषणे खोडायच्या. ‘‘कोर्टसाहेब, ‘निर्लज्ज’ काढा. तो उद्या माझ्याकडेच खोकल्याचं औषध मागायला येईल.’’ तो आला. औषध घेऊनही गेला. ट्रेलर हलले ते माझ्या स्मरणपत्रांनी, खोकल्याच्या औषधाने नव्हे, हे मी त्यांना शेवटपर्यंत ऐकवत राहिलो...

यंदा त्यांच्या व्रतग्रहणाला पन्नास वर्षे झाली. त्यांच्या संघात त्या दिवशी धर्मभगिनी आपली व्रते पुन्हा उच्चारते आणि पहिल्या व्रताच्या वेळची मेणबत्ती पुन्हा पेटवते. सिस्टरनी ती जपली होती. पंचविसाव्या वर्षी थोडी जाळली, उरलेली पन्नासाव्यासाठी. हे सारे दवाखान्याच्या ओट्यावर व्हावे, एवढा एकच हट्ट मी त्यांच्या तोंडून ऐकला. गावात लग्नाचे धवले गाणाऱ्या हिराबायने तर गळाच साफ करून ठेवला होता. ‘‘सिस्तर, तुमचा लगीन देवाशी झायलाय ना? मंग धवला कोन बोलनार? बिनधवल्याचा लगीन आमच्यान नाय चालत!’’ सत्तरी ओलांडलेल्या सिस्टर लाजल्या. खरोखर लाजल्या.

मदरनी तो दिवस पुढे ढकलला. कॉन्व्हेंटच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाला एक बिल्डर प्रमुख पाहुणे होते आणि त्यांना नंतरचा रविवार सोयीचा होता. ‘‘दोन्ही एकत्रच उरकू,’’ असे ठरले. उरकू! पन्नास वर्षांच्या शब्दपालनासाठी हे क्रियापद. मी मदरना लिहिले, त्यांच्या वरिष्ठांना लिहिले. पोच आली, उत्तर आले नाही. सिस्टर हसल्या. ‘‘आज्ञापालनाचं व्रत घेतलंय, कोर्टसाहेब. तारीख माझ्या सोयीची असेल असं त्यात कुठं म्हटलंय?’’ त्यांच्या खऱ्या दिवशी आम्ही ओट्यावर नुसता चहा घेतला. हिराबाय अबोलीची वेणी देऊन गेली, गायली नाही. निघताना सिस्टरनी मेणबत्ती माझ्या हाती दिली. ‘‘रविवारपर्यंत तुमच्याकडे ठेवा. कॉन्व्हेंटमध्ये वीज गेली तर कोणीतरी सरळ लावून टाकील.’’

तो रविवार त्यांनी पाहिला नाही. आणि मदरना मेणबत्ती हवी होती: सिस्टरच्या फोटोपुढे, पाहुण्यांच्या हस्ते, फुलांच्या कमानीखाली पेटवायला. ‘‘सर, ती संस्थेची वस्तू आहे.’’ बरोबर आहे. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या व्यक्तीची स्वतःची मालमत्ता नसते. मेणबत्ती संस्थेचीच होती. आयुष्यभर मी परक्या टाचणीवरही हक्क सांगितला नाही. ही वस्तू मी दिली नाही. आज्ञापालनाचे व्रत सिस्टरनी घेतले होते, मी नव्हे.

त्या रविवारी शाळेच्या सभागृहात भाषणे चालली असताना मी जासईच्या ओट्यावर सिस्टरच्या वेताच्या खुर्चीपुढे मेणबत्ती पेटवली. शाळेच्या बसने समारंभाला नेण्यासाठी जमवलेल्या बायका बसमधून उतरून आमच्याकडे आल्या. मी त्यांना बोलावले नव्हते. मात्र बस सुटण्याची वेळ ठाऊक असूनच हिराबायला आधी गायला बसवले होते, हे इथे नमूद करतो. बस रिकामी गेली. ‘‘आता आयकते का, सिस्तर?’’ असे खुर्चीला विचारून हिराबायने धवला पुन्हा पहिल्यापासून उचलला आणि वात संपेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेले मेण एका डबीत भरून मी मदरना रजिस्टर पोस्टाने पाठवले. सोबत एकच ओळ: ‘संस्थेची मालमत्ता परत करीत आहे.’ सिस्टर असत्या तर तीही खोडली असती... थोडे मेण मात्र ओघळून खुर्चीखालच्या फरशीला चिकटले आहे. परवा कॉन्व्हेंटचा माणूस ते खरवडायला आला, तेव्हा हिराबाय त्या खुर्चीत जाऊन बसली. रोज सकाळी बसते. मीही जातो, शेजारी दुसरी खुर्ची टाकतो.