घट्ट केलेलं पाणी

मॉडिफाइड स्टार्च म्हणजे काय, हे मी आयुष्यात इतक्या वेळा समजावून सांगितलंय की आता कुणी विचारलं तरी जांभई येते. मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मी तेच तपासत होते. घरी सुपाला लावतो ते कॉर्नफ्लोअर. त्यावर थोडी रासायनिक प्रक्रिया केली की ते उकळीला आणि आंबटाला दाद देत नाही. बाटलीतल्या सॉसला पाणी सुटत नाही, फ्रीजमधली तयार ग्रेव्ही फुटत नाही, ते त्याच्यामुळे. गिऱ्हाइकं, नातेवाईक, शेजारणी, सगळ्यांचा प्रश्न एकच, "पण खायला चालतं ना?" माझं उत्तरही एकच. परवानगी आहे, नियम ठरलेले आहेत, आणि मुख्य म्हणजे शरीरात ते बरंचसं साध्या पिठासारखंच पचतं. हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की त्याचा अर्थ काय, याकडे माझंच लक्ष राहिलं नव्हतं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं अर्धवट राहिलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं, पाणी, चहा, काहीही पातळ द्यायचं नाही. ते श्वासनलिकेत उतरतं आणि छाती भरते. त्यांनी एक पावडर लिहून दिली. ढवळली की पाणी मधासारखं घट्ट होतं. डबा फिरवून घटक वाचले, तर पहिलंच नाव माझ्या ओळखीचं. नोकरी सुटली तरी ही बया काही माझी पाठ सोडत नाही, असं वाटून हसू आलं.

पुढे हसायला फुरसत मिळाली नाही. ठाकुर्लीच्या आमच्या दोन खोल्यांत दर दोन तासांनी पाणी मोजा, पावडर टाका, गुठळ्या मोडा, थांबा, भरवा. एक पेला संपायला अर्धा तास. मी इतकी थकले होते की बसल्या बसल्या डोळा लागायचा. म्हणून एक सोय काढली. सकाळीच मोठा पेलाभर पाणी घट्ट करायचं, अर्धं भरवायचं, उरलेलं झाकून ठेवायचं आणि दहा वाजता तेच द्यायचं. दहाच्या पाण्याला आई ओठ मिटून घ्यायची. डाव्या हाताने चमचा ढकलायची. "आई, नखरे नको गं करूस, माझी अजून आंघोळ व्हायचीय," असं म्हणत मी हनुवटी धरून भरवायचे. हे लिहितानाही लाज वाटते.

एका सकाळी असंच दहाचं पाणी भरवताना तिला ठसका लागला, तो थांबेचना. दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. भाऊ ठाण्याहून धावत आला.

"ताई, मी बोललेलो तुला. केमिकल आहे ते. बिस्किटाच्या पुड्यावर हे नाव दिसलं तरी आपण पुडा परत ठेवतो, आणि आईला रोज पाजतोय! बंद कर. साधं पाणी दे, घोट घोट."

"साध्या पाण्याने ती जाईल रे."

"मग याने काय झालं?"

आई घरी आली की डबा कचऱ्यात टाकणार, असं सांगून तो गेला.

आईचे कपडे न्यायला घरी आले तेव्हा ओट्यावर तो डबा होता. जुन्या सवयीने एक पेला पाणी घट्ट केलं आणि वाट बघितली. अर्ध्या तासानेही पाणी घट्टच. मग दुसरा पेला घेतला आणि अगदी आईला भरवायचे तसं केलं: चमचा माझ्या तोंडात, तोच परत पेल्यात. थोड्या वेळाने पेला तिरका केला तर पाणी सरळ वाहायला लागलं.

लाळेने पीठ पातळ होतं, हे शाळेतली पोरंही सांगतील. साध्या पिठासारखं पचतं म्हणजे पचायला तोंडापासूनच सुरुवात होते, आणि मी ती सुरुवात पेल्यातच करून देत होते. पावडर बिचारी चोख होती. लहानपणी उष्टा चमचा खिरीच्या पातेल्यात घातला की आई हातावर उलथनं मारायची. "पाणी सुटेल ना गं खिरीला!" म्हणायची. दहा वाजता ओठ मिटायची तेव्हा ती पाणी नको म्हणत नव्हती. उष्ट्या चमच्याने ढवळलेलं नको म्हणत होती, आणि मी तिची हनुवटी धरत होते. ओट्यापाशीच खाली बसले आणि खूप रडले.

आई घरी आली त्या दिवशी मी भावाला दोन्ही पेले पुन्हा करून दाखवले. त्याने हातातला डबा फळीवर ठेवला.

मग वाटीत तेवढ्यापुरतंच पाणी घट्ट केलं. दोन चमचे घेतले, एक वाटीतून काढायला, एक तिच्या तोंडासाठी. आईने ओठ मिटलेलेच होते. ती आधी वाटीकडे, मग माझ्या दोन्ही हातांकडे बघत राहिली.

"आई, उष्टं नाहीये," मी म्हटलं.

तिने तोंड उघडलं.