फवाऱ्याचा गेटपास

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या पॅक करणारी एक कंपनी होती. पॅकिंग खात्यात साठेक बायका कामाला होत्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका डिसेंबरात, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास त्यांतल्या एकीला कंपनीच्या मागच्या रस्त्यावर एका माणसाने धरलं आणि गटाराकडे ओढलं. मागून येणाऱ्या बायका ओरडल्या, तसा तो पळाला. ती मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही.

माझी मामेबहीण तिच्या शेजारी बसून पाकिटं भरायची. मी तिला ताई म्हणतो. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, बदलापूरला शिरगावात भाऊ-वहिनीकडे राहायची आणि तीन वर्षं टेम्पररी होती. मार्चमध्ये कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं. मी अंबरनाथच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. पुढचं काही मी पाहिलं, काही तिने सांगितलं.

बायकांची पाळी साडेसहाला सुटायची. त्यांनी मागच्या गेटने बाहेर पडायचं आणि मोरिवलीतून चालत स्टेशन गाठायचं, असा रिवाज होता. मागच्या भिंतीवर कंपनीचे पाच दिवे होते, त्यांतला एक लागायचा. घटनेनंतर पर्सोनेल ऑफिसरने बैठक बोलावली. बायका म्हणाल्या, दिवे लावा, नाहीतर पुढच्या गेटने सोडा. पुढचं गेट साहेबलोकांसाठी आणि मालाच्या गाड्यांसाठी आहे, असं उत्तर मिळालं. दिव्यांचं काम इलेक्ट्रिकल खात्याकडे होतं आणि त्या खात्याचा कोणी बैठकीला आलेला नव्हता. मग सूचना सुरू झाल्या. घोळक्याने चाला, रेंगाळू नका, ओढणीला पिना लावा. एका साहेबाने कराटेचा वर्ग सुचवला. त्यासाठी अर्धा तास आधी सोडावं लागेल हे लक्षात आल्यावर त्यानेच सूचना मागे घेतली. ज्याने मुलीला धरलं तो माणूस या सगळ्या चर्चेत एकदाच आला, तोही ‘असले लोक असायचेच’ एवढ्या वाक्यापुरता. पाऊस असायचाच, तेव्हा छत्री घ्या, अशा थाटात ते वाक्य उच्चारलं गेलं.

छत्री म्हणून मिरचीच्या पाण्याचा फवारा ठरला. उल्हासनगरचा एक व्यापारी गुलाबपाण्याच्या बाटल्या भरायचा. अलीकडे त्याने त्याच पंपाच्या बाटल्यांत तिखटाचा अर्क भरायला सुरुवात केली होती. बातमीसाठी मी त्याच्या दुकानात गेलो. फवाऱ्याने बायका सुरक्षित होतील का, असं विचारलं. तो म्हणाला, “भाऊ, मी बाटली विकतो. पंप बिघडला तर बदलून देईन. बाकी रस्त्याचं तुमच्या साहेबाला विचार, मेरे को रस्ता किसी ने दिखाया नहीं.” या प्रकरणात मला भेटलेल्या पुरुषांपैकी आपल्या जबाबदारीची हद्द नेमकी सांगणारा हा एकटाच. त्याचं म्हणणं मी छापलं नाही.

वाटपाचा समारंभ शनिवारी दुपारी पुढच्या गेटबाहेर मांडव घालून झाला. एका समाजसेविकेला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. तिने शाल-श्रीफळ घेतलं आणि बायकांनी सावध राहण्याची गरज पटवून दिली. पर्सोनेल ऑफिसर म्हणाला, “आजपासून तुमचं रक्षण तुमच्या हातात.” मागच्या रांगेतली एक जाडसर बाई शेजारणीला म्हणाली, “हात कंपनीचे, साडेसहापर्यंत.” पुढच्या दोन रांगा हसल्या. साहेबांना वाटलं, भाषण रंगलं. मी त्यांचं वाक्य मथळ्यात घेतलं. संपादकांनी बातमी पहिल्या पानावर लावली आणि तिच्याखाली त्याच कंपनीची शुभेच्छांची जाहिरात.

सोमवारी बायका बाटल्या घेऊन कामावर आल्या आणि गेटवर अडवल्या गेल्या. औषधाच्या कारखान्यात बाहेरचं द्रव्य आत न्यायला बंदी होती. नियम योग्यच होता. बाटल्या वॉचमनच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात जमा झाल्या आणि रजिस्टरात त्यांची आवक लिहिली गेली. संध्याकाळी बायकांनी त्या परत मागितल्या तेव्हा वॉचमनने दुसरा नियम दाखवला. प्रत्येक बाटलीवर स्टोअरचा पांढरा नंबर होता, म्हणजे ती कंपनीची मालमत्ता. कंपनीची मालमत्ता बाहेर न्यायची तर परतीचा गेटपास लागतो आणि त्यावर स्टोअर ऑफिसरची सही लागते. स्टोअर ऑफिसर सव्वापाचच्या स्टाफ बसने घरी जायचा. कपाटाची किल्ली त्याच्याचकडे असायची.

दुसऱ्या दिवशी बायका दुपारीच सही मागायला गेल्या. माल कपाटातून बाहेर निघण्याआधीच सही करणं म्हणजे कोऱ्या गेटपासवर सही करणं, त्याबद्दल नोकरी जाऊ शकते, असं त्याने सांगितलं. हेही नियमाप्रमाणे बरोबरच होतं. पर्सोनेल ऑफिसरने लक्ष घालतो म्हटलं. बाटल्या कपाटात राहिल्या. कंपनीच्या वार्षिक अहवालात मात्र, ताईने नंतर पाहिलं, महिला सुरक्षेच्या सदरात त्या वाटप झालेल्या होत्या.

फेब्रुवारीत तीच वेळ ताईवर आली. त्या दिवशी तिला हातातली पेटी पूर्ण करायला थांबवलं होतं, म्हणून ती एकटी मागे राहिली. भिंत संपते तिथे एका माणसाने तिचा दंड पिरगाळून तिला बाभळींकडे नेलं. ती त्याच्या मनगटाला चावली, सुटली आणि एका पायातली चप्पल टाकून मोरिवलीच्या पहिल्या घरापर्यंत पळाली. त्या घरातल्या म्हातारीने काही न विचारता पाणी दिलं. तिच्या दोन सुना ताईला स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. एकीने कोयता पदराखाली घेतला होता. त्याला स्टोअरचा नंबर नव्हता.

दादाने, म्हणजे ताईच्या भावाने, पोलिसांत जायचं नाही असं लगेच ठरवलं. नोकरी सोडायची हेही त्यानेच ठरवलं. ताईने दोन्ही ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी दंडाला पट्टी बांधून कामावर गेली.

कंपनीने चौकशी केली. चौकशीचा छापील फॉर्म अपघातांसाठी होता, तोच वापरला. कामगाराने सुरक्षा साधन वापरलं होतं का, नसल्यास का नाही, हा त्यातला मुख्य प्रश्न. यंत्रात बोट सापडलं तर हातमोजे घातले होते का, असं विचारायचं, त्याच चालीवर. तो माणूस कसा दिसत होता, कुठल्या बाजूला पळाला, हे कोणीच विचारलं नाही. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. शेवटी टाइप केलेलं एक वाक्य होतं: मला दिलेलं सुरक्षा साधन मी वापरलं नाही, घडल्या प्रकाराची जबाबदारी माझी आहे.

पर्सोनेल ऑफिसरने टेबलावर तो फॉर्म ठेवला आणि शेजारी दुसरा कागद ठेवला. ते तिला कायम केल्याचं पत्र होतं, फक्त तारीख घालायची राहिली होती. तो आवाज न चढवता बोलला. ही केवळ फाइल बंद करण्याची बाब आहे, बाहेर कोणी वाचणार नाही, असं त्याचं म्हणणं. ताईने विचार करायला रविवार मागून घेतला.

त्या रविवारी मी शिरगावला होतो. कायमचं पत्र तयार आहे हे कळल्यापासून दादाचं ‘नोकरी सोड’ बंद झालं होतं. आता तो म्हणत होता, सही कर. वहिनी म्हणाली, एका ओळीने काय अंगाला भोकं पडतात? मीही काही वेगळं बोललो नाही. आधी कायम हो, मग बघू, असं म्हणालो. ताई तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं.

“तू पेपरात आहेस ना रे? मग एक सांग. खोटं छापून वर सही कोणाची घेतात?”

मी ताट पुढे ओढून तांदूळ निवडायला घेतले.

सोमवारी तिने फॉर्म घेतला आणि टाइप केलेल्या वाक्याखाली पेनाने लिहिलं: बाटली कंपनीच्या कपाटात होती. किल्ली कोणाकडे होती ते इथे लिहा, मग मी सही करते. तिने फॉर्म परत दिला. ऑफिसरने तो दोनदा वाचला, कायमचं पत्र उचलून खणात ठेवलं आणि तिला कामावर जायला सांगितलं. महिनाअखेरीस तिला ब्रेक मिळाला. टेम्पररी कामगाराला काही दिवस घरी बसवून पुन्हा बोलावतात, त्याला ब्रेक म्हणतात. तिला पुन्हा बोलावलं नाही.

मी बातमी लिहिली. संपादकांनी ती वाचली, किल्लीचा मुद्दा चांगला आहे म्हणाले, आणि कंपनीची बाजू आल्याशिवाय छापता येणार नाही म्हणाले. कंपनीची बाजू आली नाही. पुढच्या भरतीपासून जबाबदारीचं ते वाक्य नेमणुकीच्या अर्जातच छापलं जाऊ लागलं. नव्या मुली पहिल्याच दिवशी सही करायच्या.

शिरगावला पाहुणे आले की ताई घरी कशी, हा विषय निघायचाच. दादा सांगायचा, आम्हीच सोडायला लावलं, जमाना चांगला नाही. पहिल्यांदा ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली, चहाचे कप ठेवले आणि म्हणाली, “सोडली नाही. काढलं मला. खोट्या कागदावर सही केली नाही म्हणून.” पाहुण्यांनी बशीत चहा ओतला. दुसऱ्यांदा ती आतूनच म्हणाली. तिसऱ्या खेपेला कोणी विचारलं तेव्हा दादाने आधी दाराकडे पाहिलं, आणि काढलं तिला, एवढंच सांगितलं.