खोट्या दुःखाला दहापैकी सात

काउन्सेलिंगच्या एमएस्सीला ॲडमिशन मिळत नाही ती नाहीच, किस्से मात्र ढिगाने मिळतात. तीन वर्षं मी फॉर्म भरतेय. एव्हाना हातात डिग्री असायची, त्याऐवजी हे आहे. नवरा म्हणतो, कोणाला तरी सांगून टाक, निदान डोक्यातून जातील. म्हणून सांगते.

आम्ही चौघं. एका कॉलेजच्या एन्ट्रन्सला रांगेत उभे होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, पेन विसरलं की!" आणि पुढचे तिघं एकदम मागे वळले. बंगळुरात मराठी कानावर पडलं की वळायला होतंच. पेन विसरलेल्या त्या गीता अक्का. माहेर-सासर दोन्ही निपाणीकडचं, राहायला के. आर. पुरम, शाळेतून नुकत्याच रिटायर झालेल्या. वळलेल्यांत एक समीर, बेळ्ळंदूरला सॉफ्टवेअर टेस्टर. दुसरी ऋचा, पुण्याहून नुकतीच आलेली, वयाने आमच्या मुलांसारखी. तिसरी मी, माधवी. मी इथलीच. आमचं कापडाचं दुकान माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, आजोबांपासूनचं, पण मी दुकानात न बसता एका कंपनीच्या एचआरमध्ये बसले.

त्या वर्षी चौघांपैकी एकाचाही नंबर लागला नाही. मग दर रविवारी एचएसआर लेआउटला ऋचाच्या फ्लॅटवर जमून तयारी करायची, असं ठरलं. पेन तेवढं अक्कांना ऋचाने दिलं होतं, ते अजून त्यांच्याकडेच आहे.

*

मला हा कोर्स का हवाय, ते आधी सांगते. हल्ली माझं मुख्य काम म्हणजे लोकांना नोकरी गेल्याचं सांगणं. समोर माणूस रडत असतो आणि मी त्याच्याकडे लॅपटॉप आणि आयडी कार्ड मागते. त्याला बोलायचं असतं, पण माझी पुढची मीटिंग लागलेली असते. मला एकदा तरी रडणाऱ्या माणसासमोर नुसतं बसायचंय, काही न मागता. बास, एवढंच कारण.

हे अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लोकांचं ऐकायला डिग्री? दुकानात ये की. साडी स्वल्प बघतात आणि दोन तास सुनेचं सांगतात."

मी म्हटलं, "अण्णा, ते वेगळं."

"सरी, असेल वेगळं," अण्णा म्हणाले, "पण ती माणसं जाताना ब्लाउजपीस तरी नेतात. तुझ्याकडून काय नेणार?"

पुढे इंटरव्ह्यूत हाच प्रश्न मला इंग्रजीत विचारला गेला.

*

फॉर्मबरोबर एक निबंध द्यावा लागतो, तुम्हाला काउन्सेलर का व्हायचंय म्हणून. आम्ही चौघांनी आपापल्या घरी बसून तो लिहिला. रविवारी वाचून दाखवले, तर चौघांचंही पहिलं वाक्य एकच. 'लहानपणापासून लोक माझ्याजवळ मन मोकळं करतात.'

आता कोणी बदलायचं यावर भांडण झालं. शेवटी कोणीच बदललं नाही. इंटरव्ह्यूला समीर पहिला आत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला.

पॅनेलवरचे सर चष्मा काढून त्याला म्हणाले होते, "सकाळपासून सगळे ऐकणारेच येताहेत हो. बोलणारे गेले कुठे?"

*

समीरचाच आणखी एक. रेफरन्सचं पत्र लागतं म्हणून तो मॅनेजरच्या मागे लागला. मॅनेजरला वेळ नव्हता. त्याने समीरच्या अप्रेझलमधली वाक्यं उचलली आणि पत्रात टाकली. पत्र बंद पाकिटातून परस्पर कॉलेजला गेलं. इंटरव्ह्यूत पॅनेलवरच्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं. 'इतरांना न दिसणारे दोष समीर नेमके शोधतो, आणि दोष बंद होईपर्यंत पाठ सोडत नाही.'

बाईंनी विचारलं, "माणसांचीसुद्धा?"

*

अक्कांचं दुखणं वेगळं. त्यांना सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही. आणि काउन्सेलिंगचा पहिला धडाच हा की सल्ला द्यायचा नाही.

आमची सरावाची पद्धत अशी: एकाने क्लायंट व्हायचं, एकाने काउन्सेलर, बाकीच्यांनी दोघांनाही दहापैकी मार्क द्यायचे. बहुतेक कॉलेजांत इंटरव्ह्यूत हेच करायला लावतात. क्लायंटने दुःख घरून बनवून आणायचं, आणि ते खोटंच हवं, हा आमचा नियम. खऱ्यात हात घालायला आपण अजून शिकलेलो नाही, असं ऋचा म्हणाली होती आणि सगळ्यांना पटलं होतं. रविवारी दार उघडताना ती विचारायची, "आज कोणाचं खोटं दुःख?"

एका रविवारी ऋचा क्लायंट झाली. "मला महिनोन्‌महिने झोप नाही. सगळं व्यर्थ वाटतं." चांगलं करत होती, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

अक्का पुढे सरकल्या. "रात्री भात खातीस काय?"

आम्ही ओरडलो. अक्का म्हणाल्या, "मग काय नुसतं ऐकून घ्यायचं आणि घरी पाठवायचं? आमच्याकडं पोस्टमनलासुद्धा पाणी विचारतात."

अक्कांची स्वतःची खोटी दुःखं मात्र अगदीच बेताची असायची. शेजारीण न विचारता तुळस तोडते, बाईने दांडी मारली. आम्ही तीन-चार मार्क द्यायचो. "मला बाई खोटं सुचतच नाही," अक्का म्हणायच्या.

*

ऋचा याच्या उलट. तिला ते ऐकण्याचं तंत्र इतकं अंगवळणी पडलं की ती कुठेही तेच करायची. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, आणि मध्ये तोडायचं नाही.

गेल्या वर्षी तिचा एका चांगल्या कॉलेजला इंटरव्ह्यू होता. चौघांत तिचाच नंबर लागणार, अशी आमची खात्री होती. ती रिक्षाने निघाली. रिंग रोडला नेहमीसारखी गाड्यांची रांग. रिक्षावाला वैतागून काहीतरी पुटपुटला. ऋचा हिंदीत म्हणाली, "आप बहुत थक गये हैं, ऐसा लग रहा है."

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. मग रिक्षा बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि सांगायला लागला. लेक नवऱ्याकडून परत आलीय, वर्ष झालं, खोलीतून बाहेर येत नाही. ऋचा ऐकत राहिली.

ती कॉलेजला पोचली तेव्हा रिपोर्टिंगची वेळ संपली होती. वॉचमनने गेट उघडलं नाही. तिथूनच तिने मला फोन केला. मी म्हटलं, "अगं, त्याला सांगायचं ना, उशीर होतोय म्हणून!"

"मध्येच कसं तोडणार?" ती म्हणाली. "तो पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होता."

मला तिचा राग आला, आणि मग फार वाईट वाटलं. जे काम शिकायला ती निघाली होती, ते तिने रस्त्यातच केलं होतं, आणि त्यापायी तिची जागा गेली. यंदा तिने फॉर्म भरला नाही. आता ती एका ॲपसाठी ग्राहकांच्या तक्रारी ऐकते. तिथे बोलणं तीन मिनिटांत संपवावं लागतं.

*

आता समीरचं सांगायलाच हवं. हे मला हसत सांगता येत नाही.

समीरची खोटी दुःखं नेहमी अवाढव्य असायची. भावाने भोसकलं, बायको परदेशात पळाली. आम्ही हसून लोळायचो. एका रविवारी मात्र तो साधंच काहीतरी घेऊन आला. "माझी नोकरी गेलीये. घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी बायको डबा देते, मी बॅग घेऊन निघतो आणि संध्याकाळी परत जातो."

त्या दिवशी मीच काउन्सेलर होते. मी माझं शिकलेलं सगळं वापरलं. शांत बसले, मान डोलावली, त्याची वाक्यं त्याला परत दिली. नंतर मार्क द्यायची वेळ आली. ऋचा म्हणाली, विषय चांगला होता पण चेहऱ्यावर भाव कमी पडले. अक्का म्हणाल्या, आवाज बारीक. सगळ्यांनी मिळून सात दिले.

काही आठवड्यांनी मी दाताच्या डॉक्टरकडे निघाले होते. कामाचा दिवस, भर दुपार. एचएसआरच्या एका पार्कात बाकावर समीर बसलेला. मांडीवर डबा, बाजूला ऑफिसची बॅग. मी जाऊन शेजारी बसले. रोज लोकांच्या नोकऱ्या गेल्याचं सांगणारी मी, आणि माझ्यासमोर बसून तो ते सांगत होता तेव्हा मला कळलं नव्हतं.

त्याने डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे केली.

"तुम्ही सातच दिलेत," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो बायको-मुलासह साताऱ्याला गेला. मी मनाशी ठरवलं, पुन्हा असं कोणी समोर बसलं तर विचारायचं. सरळ विचारायचं, की हे खरं आहे का.

*

उरलो अक्का आणि मी. यंदाचा माझा शेवटचाच प्रयत्न होता. मुलगी दहावीला, सासूबाई कायमच्या आमच्याकडे येणार. यंदा नाही झालं तर हा विषय पुन्हा काढणार नाही, असं घरात मीच सांगून ठेवलं होतं. आणि यंदा आशा होती. लेखी चांगली गेली होती, इंटरव्ह्यूही बरा झाला. आता फक्त रोल-प्ले बाकी होता.

जोड्या त्यांनीच लावल्या होत्या, आणि माझ्या जोडीला नेमक्या अक्का आल्या. एवढं नशीब मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. मी काउन्सेलर, त्या क्लायंट. कॉरिडॉरमध्ये आम्ही पटकन ठरवून टाकलं: अपार्टमेंटमधलं पार्किंगचं भांडण. सोपं, सराव झालेलं.

आत तीन जणांचं पॅनेल होतं. भाषा इंग्रजी किंवा कन्नड चालेल, म्हणाले. अक्का खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि कन्नडमध्ये बोलायला लागल्या. पार्किंगचं नाव नाही.

"घरात आम्ही दोघंच असतो," त्या म्हणाल्या. "ते माझ्याशी बोलत नाहीत. भांडण झालं नाही, काही नाही. धाकटा कॉलेजला बाहेर गेला तेव्हापासून. भाजी हवी असली की मी पिशवी दाराच्या कडीला अडकवते, ते घेऊन येतात. मुलाचा फोन आला की स्पीकरवर दोघंही भरपूर बोलतो. मुलाशी. फोन ठेवला की संपलं."

आवाज अगदी रोजचा. डोळ्यांत पाणी नाही. भाजीची यादी सांगावी तसं सांगत होत्या.

मी अक्कांच्या घरी दोनदा गेलेली. काका, म्हणजे त्यांचे मिस्टर, इतके गप्पिष्ट, की चहा स्वतः करतात, तो गार होईपर्यंत किस्से सांगतात. त्यांच्यामुळे त्या घरात कसं हसायला येतं! मला काही कळेना. अक्कांना तर खोटं सुचत नाही. की सुचलं, आज, इथे? मला आता शांत बसायचं होतं. 'पिशवी अडकवताना तुम्हाला काय वाटतं,' एवढंच विचारायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर पार्कातला तो बाक आला.

मी अक्कांचा हात धरला आणि मराठीत विचारलं, "अक्का, हे खरं आहे?"

क्लायंटला हे कधीही विचारायचं नसतं. पॅनेलला मराठी येत नव्हतं, पण काय विचारलं ते तिघांनाही समजलं. मधल्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "थँक यू. दॅट विल बी ऑल."

अक्कांनी माझा हात हलकेच सोडवला.

यादी लागली, त्यात अक्कांचं नाव होतं. माझं नव्हतं. मला अक्कांचा हेवा वाटला, अजूनही वाटतो. घरात विषय मी ठरल्याप्रमाणे बंद केलाय आणि ऑफिसात लॅपटॉप गोळा करतेय.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवशी बाहेर आल्यावरचं. अक्का आणि मी जिना उतरलो. पार्किंगमध्ये काका स्कूटर घेऊन उभे होते. मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"काय माधवी, कसं झालं हिचं?" त्यांनी मला विचारलं.

अक्का आमच्या दोघांच्या मधे उभ्या होत्या. त्यांनी स्कूटरच्या आरशाला अडकवलेलं हेल्मेट काढलं आणि डोक्यात घालून पट्टा लावायला लागल्या.

"छान झालं, काका," मी म्हणाले.

"मग पेढे लागतील की! सांग तिला," काका मला म्हणाले, आणि त्यांनी स्कूटर चालू केली.