मधल्या सुट्टीतली सोबत

मेहकरच्या शाळेत मी नवा मास्तर होतो. खोकल्यामुळे डॉक्टरांनी मला बिडी सोडायला सांगितली, तेव्हा माझ्यासोबत ओढणाऱ्या ड्रॉइंगच्या सरांनीही सोडली. मधल्या सुट्टीत आम्ही फुटाणे खात मैदानाला चक्कर मारायचो. मग ते मला टाळू लागले. त्यांच्या घरी गेलो, तर खाली बघत म्हणाले, "म्या पुन्हा सुरू केली. मले नाही जमत. तू सोड."

"मले एकट्याले कुठं जमते? तुम्ही आले नाही, तं मीबी पेटवीन."

ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी घंटा होताच ते माझ्या वर्गाच्या दाराशी उभे होते. तलफ पुढेही यायची, पण कुणीतरी 'चला' म्हणायचं आणि आम्ही निघायचो. हळूहळू दोघांचीही सुटली.