थांबाकाकांच्या वहीतली रेघ

थांबाकाकांनी तासाच्या आत कुणालाही रिपोर्ट दिला नाही. पनवेलच्या बाजारात त्यांची रक्त तपासायची खोली होती. नव्वदनंतर सात-आठ वर्षं मी तिथे काचसामान धुवायला होते. कुणी घाई केली की ते "थांबा" एवढंच म्हणत. नाव त्यावरूनच पडलं.

रक्त लांब बारीक नळीत भरून नळी स्टँडला उभी करायची. तासाभरात लाल भाग खाली बसतो, वर पिवळं पाणी राहतं. अंगात सूज असली की लाल भाग भराभर बसतो. कळंबोलीचा एक लोखंडवाला म्हणाला, "काका, दहा मिनिटं कमी धरा, ट्रक खोळंबलाय." काका म्हणाले, "मग ट्रकचं रक्त आणायचं होतं."

छातीत दुखणाऱ्यांची त्यांनी वेगळी वही केली होती. एका रकान्यात रक्त तासात किती मिलिमीटर बसलं. पेशंट मुंबईहून अँजिओग्राफी करून आला की दुसऱ्यात, हृदयाच्या किती रक्तवाहिन्या तुंबल्या. सूज जास्त तिथे तुंबणंही जास्त, असं त्यांच्या मनात होतं. समोरचे डॉक्टर हसायचे. "अहो, साध्या तापानेही ते वाढतं."

"म्हणूनच लिहितोय," काका म्हणायचे.

एकदा मी विचारलं, "वही काय सांगते?"

"अजून हो पण नाही, नाही पण नाही. पण अंदाजाने एक आकडा घातला, तर सगळी वही खोटी."

एका सकाळी त्यांनाच दरदरून घाम फुटला. डावा हात दुखायला लागला. समोर डॉक्टरकडे जायचं सोडून त्यांनी मला दंडाला रबर बांधायला लावलं, स्वतःचं रक्त काढलं, नळी उभी केली आणि घड्याळाकडे बघत बसले.

"काका, उठा. डॉक्टर समोर हाय."

"तास होऊ दे. माझा आकडा वहीत हवा."

"तुमी मेल्यावर तो लिवणार कोण?"

"अजून चाळीस मिनिटं," ते म्हणाले. ओठ पांढरे पडले होते.

मी स्टँडवरची नळी उचलली आणि बेसिनमध्ये ओतली. "आता कशापायी बसताय?"

त्यांनी मला शिवी दिली. इतक्या वर्षांतली पहिली. आणि उठले.

मुंबईत तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी खोलीवर आले ते माझ्याशी न बोलता वही उघडून बसले. तुंबलेल्याच्या रकान्यात तीन लिहिलं, रक्त किती बसलं त्या रकान्यात रेघ मारली. डॉक्टर म्हणाले, "काका, पन्नास टाका की. तेवढं असणारच."

"बघितलं नाही ते लिहायचं नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा सांग. दोन."

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. गेले तेव्हा त्यांच्या बायकोने वही मला आणून दिली. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण आकडे वाचता येतात. पानंच्या पानं आकडे आहेत, आणि त्यांच्या नावापुढे ती रेघ. त्या वहीत माझ्या हातचं काम तेवढंच.