शंभरावी रात्र, पहिला खांदा

सांगलीला दादांच्या जेवणाच्या टेबलावर काच आहे. तिच्याखाली पूर्वी रेल्वेचं वेळापत्रक असे. सहा-सात वर्षांपूर्वी ते गेलं आणि त्या जागी एका जहाज कंपनीचा रंगीत तक्ता आला. वारंवार प्रवास करणाऱ्यांना जहाजावर काय काय जास्तीचं मिळतं, याचा तो तक्ता. ताटाच्या बाजूने बोट फिरवत दादा तो समजावून सांगत. निळं कार्ड असेल तर खोलीत फळांची टोपली. रुपेरी असेल तर चढताना वेगळी रांग आणि कपड्यांची धुलाई फुकट. सोनेरीला इंटरनेट फुकट, शिवाय जहाज जिथून चालवतात ती खोली आतून बघायला मिळते. सगळ्यात वर काळं कार्ड. त्यासाठी कंपनीच्या जहाजांवर एकूण शंभर रात्री भराव्या लागतात.

"आणि काळ्याला काय?" मी विचारलं होतं.

"शेवटच्या संध्याकाळी कप्तान नाव पुकारतो. स्टेजवर बोलावतो. सगळा हॉल उभा राहतो."

"बाकी?"

"बाकी काय पाहिजे?" दादा म्हणाले.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. सांगलीत त्यांची हळदीची पेढी होती. पासष्टीला ती त्यांनी मुलांच्या हाती दिली आणि पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. रोज सकाळी जाऊन पेढीवर बसत. मुलं चहा देत, खुर्ची देत, पण विचारत काही नसत. लग्नाच्या वाढदिवसाला मुलांनीच दोघांना जहाजाची पहिली सहल दिली. मुंबईहून निघायचं, तीन रात्री, गोवा करून परत. उतरताना कंपनीने निळं कार्ड हातात ठेवलं. महिनाभरात दादांनी दुसरी सहल ठरवली.

वहिनींना बोट लागायची. त्या चिंचेची गोळी तोंडात धरून खोलीत पडून असत. "जहाज कुठं जातंय ते बघतच नाहीत हो हे," त्या मला सांगत. "मोजत बसतात. आता आमच्या किती झाल्या, त्या अहमदाबादवाल्यांच्या किती झाल्या." अहमदाबादचे एक गृहस्थ नेहमी दादांच्या वीसेक रात्री पुढे असत. काळं कार्ड त्यांना दादांच्या डोळ्यांदेखत मिळालं. त्या सहलीवरून आल्यावर दादा चार दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

आमचं मूळ गाव कोरेगाव तालुक्यात, रहिमतपूरच्या अलीकडे. चैत्रातल्या जत्रेत पालखी उठते तेव्हा तिला पहिला खांदा आमच्या घरातल्या पुरुषाचा असतो. वडील होते तोवर ते देत. नंतर दादा देऊ लागले. त्या एका दिवसासाठी ते सांगलीहून येत, खांदा देत, प्रसाद घेत आणि अंधार पडायच्या आत निघत. मी साताऱ्यात, गावापासून तासाभराच्या वाटेवर. पण वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढली, जत्रेच्या बातम्या दुसऱ्यांनी लिहिलेल्याच तपासल्या. मी गेलो असेन तीन-चार वेळा.

जहाज सुरू झाल्यावर दादांची जत्रा दोनदा चुकली. दोन्ही वर्षी खांदा चुलतभावाने, आमच्या भाऊने दिला. तो गावातच असतो, शेती करतो, माझ्याहून वर्षाने मोठा. गेल्या वर्षी होळीनंतर त्याचा मला फोन आला.

"गड्या, औंदा थोरल्यांना घिऊन यायचं. दोन साल झाली, तिसऱ्या सालाला थोरल्या घरचं कुणी न्हाई आलं तर मान कुनाला ते मानकरी बसून ठरवणार म्हनत्यात. मला सांगून ठेवलंय, म्या तुला सांगतोय. मागनं बोलू नगंस."

मी सांगलीला फोन लावला. पालखीची तारीख सांगितली. दादांनी लगेच हिशेब सांगितला. त्यांच्या शहाण्णव रात्री भरल्या होत्या. पुढची चार रात्रींची सहल ठरलेली होती आणि तिची शेवटची संध्याकाळ म्हणजे पालखीचाच दिवस.

"पुढची सहल घ्या," मी म्हणालो.

"पुढची दिवाळीनंतर. मी एकाहत्तर वर्षांचा आहे."

"मग मान जाईल."

"का जाईल? तू कोण आहेस? तू दे खांदा. घराचा मान आहे, मी असलो काय, तू असलास काय." मग लगेच म्हणाले, "मी व्हिडिओ कॉल करतो. इंटरनेट फुकट आहे मला."

त्यानंतर पंधरा दिवस ते रोज फोन करत. पांढरा सदरा आहे का. फेटा कोण बांधणार. पालखी साडेपाचला उठते, तू साडेचारलाच जा. सहाला तिकडे हॉलमध्ये जायचं आहे, त्याआधी मला दाखव. एकदा सकाळी सातला फोन करून उजवा खांदा द्यायचा की डावा, हे त्यांनी सांगितलं. अकराला पुन्हा तेच सांगितलं.

जत्रेच्या दिवशी मी साडेचारला देवळापाशी होतो. फेटा चुलतभावाने बांधला. त्याचे डोळे लाल होते. पाच रात्री देवळात झोपला होता, असं त्याच्याकडूनच कळलं. देवाचा चांदीचा मुखवटा जत्रेआधी पाच रात्री बाहेर काढलेला असतो, आणि पहिल्या खांद्याच्या घरातला एक पुरुष त्याच्याजवळ झोपतो. मला हे माहीत नव्हतं. दादांनी ते कधी केलं नव्हतं.

"मग इतकी वर्षं कोण झोपायचं?" मी विचारलं.

"म्याच की. आन् त्याच्या आधी माजा बा," तो फेट्याचं टोक खोचत म्हणाला. "हालू नगं."

साडेपाच झाले. पालखी सजली होती, गुलाल आला होता, हलगी घुमत होती. पण मानकरी उठेनात. देवळाच्या पायरीवर ते सात-आठ जण बसले होते. मधोमध ऐंशीच्या पुढचे एक आजोबा, सगळ्यांत थोरले मानकरी. त्यांनी मला बोलावलं.

"थोरलं कुठं हाय?"

"बोटीवर."

"बोटीवर? नोकरी धरली का काय ह्या वयात?"

पायरीवर हसू पिकलं. मी म्हणालो, सहलीला गेलेत. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दादाच होते. पडद्यावर कोट, टाय, मागे पिवळा दिवा. "उठली का पालखी? का नाही उठली? सहाला पंधरा मिनिटं आहेत," ते भराभरा म्हणाले.

आजोबांनी हात पुढे केला. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

"आरं, किती नटलाईस!" आजोबा म्हणाले. "काय हाय तिथं?"

दादा खुलले. आज आपला सत्कार आहे, कप्तान स्वतः नाव घेणार आहे, आपण जहाजावरचे मानकरीच आहोत, असं त्यांनी सांगितलं.

"व्हय का? मंग तिथला मान कुणाला देत्यात?"

"ज्यानं जास्त रात्री काढल्या त्याला. माझी आज शंभरावी."

"आन् एकांदा लय मोठा मानूस आला, पैशेवाला, तर?"

"छे! त्याला खोली मोठी मिळंल. मान नाही. रात्री भराव्याच लागतात."

"बाचा मान पोराला?"

"अजिबात नाही. कार्ड ज्याचं त्याचं. ज्यानं त्यानं स्वतः भरायच्या."

"न्याव हाय की लेका तुज्या बोटीवर," आजोबा म्हणाले. ते बाजूच्यांकडे वळले. "आयकलं का रं? मंग हितं देवापाशी राती कुणी काढल्या?"

 हलगीवाल्याचे हात थांबले. सगळे चुलतभावाकडे बघत होते आणि तो खाली, आपल्या पायांकडे.

"काय झालं? काय म्हणाले ते?" फोनमधून दादा विचारत होते. "आवाज तुटतोय. उठली का?"

मी फोन कानाला लावला. तेव्हा बोललो असतो तर काही बदललं असतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घराचा मान आहे, माणसाचा नाही, हे वाक्य मला पाठ होतं. दादांनीच शिकवलं होतं. पण त्यांचंच दुसरं वाक्य नुकतंच सगळ्या पायरीने ऐकलं होतं. मी एवढंच म्हणालो, "दादा, तुम्हाला उशीर होतोय. तुम्ही जा."

फोन बंद झाला. आजोबांनी चुलतभावाला खूण केली. तो जागचा हलला नाही. "म्या न्हाई मागितला हां," तो मला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माहीत आहे," मी म्हणालो आणि पालखीच्या वाटेतून बाजूला झालो. फेटा माझ्या डोक्यावर तसाच होता. तो काढायचा की ठेवायचा, हे मला कळेना. पालखी उठली तेव्हा मी पाचव्या-सहाव्या माणसामागे होतो.

सव्वासातला दादांचा निरोप आला. खांदा कुणी दिला? जन्मभर लोकांच्या बातम्यांतली वाक्यं आखूड केली, पण या एका वाक्याला मला वीस मिनिटं लागली. शेवटी लिहिलं : भाऊने दिला, मानकऱ्यांनी ठरवलं, यापुढेही तोच देईल. निरोप वाचल्याची खूण लगेच दिसली. 

स्टेजवर काय झालं ते नंतर वहिनींनी सांगितलं. नाव पुकारलं. हॉल उभा राहिला. कप्तानाने कोटाला पिन लावली. त्याचा फोटो सांगलीच्या घरात आहे. दादांचा उजवा हात कप्तानाच्या हातात आहे आणि डावा कोटाच्या खिशात. "खिशात फोन होता," वहिनी म्हणाल्या. "स्टेजवर जायच्या आधी दोनदा काढून बघितला, आल्यावर सारखाच. तुम्ही काही कळवत नव्हता."

काळ्या कार्डाला मुदत नसते. ते कधी खाली येत नाही, असं तक्त्यातच लिहिलेलं आहे. तरी दिवाळीनंतरची सहल दादांनी घेतली नाही. कंपनीकडून दोनदा फोन येऊन गेला. संध्याकाळी ते घरातल्या घरात फेऱ्या मारतात, खिडकीपासून दारापर्यंत. वहिनी म्हणतात, "जहाजावर निदान डेकवर तरी फिरायचे."

आता पुन्हा चैत्र लागला आहे. परवा दादांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "भाऊला विचार, देवळात झोपायला अंथरूण आपलं न्यायचं असतं का."

"गुडघे दुखतात तुमचे. फरशीवर झोपणार?"

"तू विचार तर खरं."

मी विचारलं. चुलतभाऊ आधी खूप हसला. मग म्हणाला, "आनूद्या की. सतरंजी हाय, पर थोरल्यांना टोचल. येऊ द्या त्यांना. फकस्त येक सांग, पयली रात मोजायची न्हाई. ती पाव्हन्याची असती."

मी हे जसंच्या तसं दादांना कळवलं. पलीकडे त्यांच्या फेऱ्या थांबल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे दुसरीपासून धरायची?" त्यांनी विचारलं.